परेरा टीचरचं कापडाचं पोट

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमलं नव्हतं आणि नंतर कोणी विचारलं नाही. अक्षराचं तर बोलायलाच नको. लग्नानंतर मी लिहिलं ते फक्त मापं. छाती, कंबर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. अख्खं वाक्य लिहायची हाताला सवयच राहिली नाही. पण टीचरच्या भावाची मुलगी शेरल म्हणाली, “मंदाताई, आत्याबद्दल तुम्ही लिहा. चुका मी बघून घेते. कोणाला दाखवायचं नसेल तर नका दाखवू, पण लिहा.” म्हणून लिहितेय. गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून.

टीचर गेल्या तो फोन आला तेव्हा मी मशीनवर होते, एका ब्लाउजला बाही लावत होते. फोन मशीनच्या फळीवरच थरथरायला लागला. शेरल एवढंच म्हणाली, “आत्या गेली.” मी “हो” म्हटलं, फोन ठेवला आणि बाहीची शिवण शेवटपर्यंत नेली. दोरा कापला. मग थांबले. कोणाला वाटेल, केवढी दगडाची बाई. पण शिवण अर्धी सोडली की उसवते, ते हातालाच माहीत असतं, हात माझं ऐकत नाही. मग माझ्या पोटात गोळा आला. आणि तो नेमका कुठे आला हे मला सांगता आलं असतं. छातीच्या हाडाखाली, जराशी डावीकडे. तिथे जठर असतं. ही जागा मला टीचरने शिकवली होती.

टीचरचं पूर्ण नाव फिलोमिना परेरा. मूळच्या उत्तनच्या, समुद्राकाठच्या. मराठी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि नोकरी संपल्यावर भाईंदरला, नवघरमध्ये, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. फ्रॉक घालायच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधायच्या, पायात चपलेऐवजी नेहमी कापडी बूट. बोलायच्या अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध. पण खूश झाल्या किंवा रागावल्या की उत्तनची बोली बाहेर यायची. मग ‘नाही’चं ‘न्हाय’ व्हायचं आणि मागे ‘गो’ लागायचं. टीचरचा मूड कसा आहे हे मी त्यावरून ओळखायचे.

पहिल्यांदा आल्या त्या फ्रॉकची उसवलेली कड घेऊन. मी काम करत असताना भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि माझ्या चिंध्यांच्या गोणीकडे बघत म्हणाल्या, “तू पोट शिवशील का?”

मला वाटलं, फ्रॉक पोटात घट्ट होतोय. म्हटलं, “सैल करून देते ना.”

“माझं नाही. माणसाचं पोट. आतलं. यकृत, आतडी, फुप्फुसं, सगळं.”

मी मशीन थांबवलं. आमचे हे तेव्हा रिक्षा लावून जेवायला आले होते. आतून म्हणाले, “टीचर, ती ब्लाउज शिवते हो. पोस्टमार्टम नाय करत.”

टीचर इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारची बाई डोकावून गेली. मग त्यांनी सांगितलं. घरी संध्याकाळी काही मुलांना त्या विज्ञान शिकवायच्या, फुकट. एकाला विचारलं, “जठर कुठे असतं?” तर तो उठला आणि भिंतीवरच्या तक्त्याला बोट लावून आला. म्हणाल्या, “तुझं कुठे आहे?” तर त्याने बेंबीवर हात ठेवला. दुसऱ्या मुलीला विचारलं, तिने पण तक्त्यालाच बोट लावलं. “मंदा, यांचं शरीर भिंतीवर हाय गो, अंगात न्हाय. मला अंगावर घालायचं शरीर पाहिजे.”

असा तो एप्रन सुरू झाला. टीचरने पुस्तकातलं चित्र मोठं करून आणलं आणि मजुरी आधीच मशीनवर ठेवली. त्यांची पद्धत ती. आधी पैसे, मग काम. मी म्हटलं, “झाल्यावर द्या.” म्हणाल्या, “झाल्यावर कशाला? तू पळून जाणार आहेस काय?” जाड कॅनव्हासचा एप्रन केला आणि एकेक अवयव आत कापूस भरून, मागे टिचबटणं लावून, म्हणजे काढता-घालता येतील असा. फुप्फुसं गुलाबी सॅटिनची, एका लग्नाच्या परकरातून उरलेल्या तुकड्याची. यकृत चॉकलेटी अस्तराचं, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जड. पित्ताशय हिरवं, लिंबाएवढं, यकृताच्या खाली लटकवलेलं. हृदय लाल वेल्वेटचं. मूत्रपिंडं पाठीकडे असतात, म्हणून ती मागे बांधायच्या पट्ट्यांवर लावली. टीचर म्हणाल्या, “हे बरं केलंस. आता मला मुलांना पाठ दाखवायला निमित्त मिळालं.”

लहान आतड्याला मी अडले. पुस्तकात छोटंसं वेटोळं दिसतं, म्हटलं वीतभर पट्टी पुरेल. टीचर म्हणाल्या, “एक अख्खी साडी लागेल. तेवढं लांब असतं. जास्तच, पण कमी नाही.” मला खरंच वाटेना. पोटात साडी? मी माझ्या पोटाकडे बघितलं. आम्ही बायका साडी बाहेरून गुंडाळतो, तर देवाने आतही एक गुंडाळून ठेवलेली! मी फिक्या पिवळ्या कापडाची लांबच लांब नळी शिवली आणि मग ती एप्रनवर बसेना. गोळा करून ठेवली की घसरायची, टाके घालून आवळली की फुगून यायची. शेवटी मी झालरीची युक्ती केली. कापडाची एक रुंद पट्टी घेतली, तिच्या एका कडेला आतडं लावलं आणि दुसऱ्या कडेला चुण्या घालून ती इतकीशी केली आणि एप्रनच्या मधोमध शिवली. परकराची झालर कशी, खाली घेर आणि वर कमरेला सगळं गोळा. बसलं एकदम.

टीचर आल्या, त्यांनी ती झालर उचलून पाहिली आणि तशीच सोडून दाराकडे वळल्या. मला वाटलं, चुकलं. मग घरी जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि चित्र दाखवलं. आत खरंच तसंच असतं. आतड्याला एक पातळ पडदा धरून ठेवतो आणि तो पाठीच्या बाजूला असाच चुण्या घालून बसवलेला असतो. “म्हणून तू उड्या मारल्यास तरी आतड्यांना गाठ बसत न्हाय,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मग देव पण शिंपीच.” टीचरने वर बघून कपाळाला, छातीला, खांद्यांना बोट लावलं आणि हसल्या.

पण मोठी चूक पुढे होती. आम्ही शिलाई करणारे खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूवर करतो. टीचरचं चित्र मी तसंच उलट बाजूवर ठेवून आखलं, टाचणीने खुणा सुलट बाजूला काढल्या आणि त्यावर सगळे अवयव लावले. दिसायला एकदम बरोबर. टीचरने घातला, उजव्या बरगडीखाली हात नेला आणि म्हणाल्या, “माझं यकृत कुठे गेलं?” ते डावीकडे होतं. जठर उजवीकडे. हृदयाचं टोक पण उजवीकडे वळलेलं. सगळं आरशातल्यासारखं झालं होतं. टीचर माझ्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “मंदा, मला तू अख्खी उलटी केलीस गो!”

मी रडकुंडीला आलेली. म्हटलं, “उसवते, आत्ता उसवते.”

“थांब. अशी माणसं असतात. खरंच असतात. आतलं सगळं उलट्या बाजूला, आणि आयुष्यभर ठणठणीत. कित्येकांना कळतही नाही. तू चूक न्हाय केलीस, तू वेगळा माणूस केलास.”

तो उलटा माणूस त्यांनी आठवडाभर वर्गात वापरला. मुलांना सांगितलं, काहीतरी गडबड आहे, आपापल्या अंगावर हात ठेवून शोधा. मुलांनी शोधलं. त्यानंतर मला उसवू दिलं. एवढ्या वर्षांत माझ्या चुकीला कोणी असं वागवलं नव्हतं. माहेरी चूक म्हणजे थप्पड, सासरी चूक म्हणजे टोमणा. टीचरच्या घरी चूक म्हणजे आठवडाभराचा धडा… आणि धडा मला नाही, मुलांना.

हळूहळू मी त्यांच्याकडे जायला लागले. कधी अवयवाला डाग पडला म्हणून, कधी टिचबटण तुटलं म्हणून, नंतर नंतर काहीच कारण नसताना. मी लाजरी आहे. चार बायकांत मला तोंड उघडता येत नाही, पाच झाल्या तर मी दाराआड. टीचरकडे बोलावं लागत नसे. खिडकीत त्यांचं जुनं सूक्ष्मदर्शक होतं, उन्हाकडे तोंड करून ठेवलेलं. एक दिवस म्हणाल्या, “आ कर.” दात कोरायच्या काडीने माझ्या गालाच्या आतून हलकंसं खरवडलं, काचेवर पुसलं, निळ्या शाईसारखं काहीतरी थेंबभर टाकलं आणि म्हणाल्या, “बघ.”

आधी मला माझीच पापणी दिसली. मग निळसर, कडा वेड्यावाकड्या, पातळ कापडाच्या कातरणीसारखे तुकडे दिसले. प्रत्येकाच्या आत एक गडद ठिपका.

“हे काय आहे?”

“तू.”

“मी?”

“तुझ्या गालाच्या पेशी. अशा असंख्य मिळून तू. विटांचं घर कसं, तसं. फक्त या विटा जिवंत, खातात-पितात, कामं करतात, जुन्या झाल्या की मरतात आणि नव्या येतात. आत्ता खरवडल्या त्यांच्या जागी दुसऱ्या तयार होतायत.”

“आणि हा ठिपका?”

“केंद्रक. त्याच्यात तुझं माप लिहिलेलं आहे. नाक केवढं, रंग कसा, उंची किती. आणि गंमत बघ, प्रत्येक पेशीत सगळं माप. गालातल्या पेशीत पायाचंसुद्धा.”

मी विचार करत बसले. म्हणजे ब्लाउजच्या एकेका टाक्यात अख्ख्या ब्लाउजचं माप! तसं टीचरला म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “हे मी उद्या मुलांना सांगणार.” आणि मग म्हणाल्या, “फक्त रक्तातल्या लाल पेशी तेवढ्या वेगळ्या. त्या तयार होताना आपलं केंद्रक टाकून देतात. माप नको, काही नको. सगळी जागा ओझं वाहायला. श्वासातला प्राणवायू पाठीवर घेऊन घरोघर देत फिरतात.” हे सांगता सांगता त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अचानक पुढे होऊन त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. मग माझी नखं बघितली.

“मंदा, तुझ्यात ओझं वाहणारे कमी झालेत. पांढरी पडलीयस. जिना चढताना दम लागतो?”

लागायचा. मी मान हलवली.

“अंगावरून जास्त जातं काय?”

मी खाली बघितलं. कित्येक महिने जात होतं. दिवस संपायचे नाहीत. मशीनच्या स्टुलावर मी जुन्या चादरीची घडी ठेवून बसायचे. ओटीपोटात सारखं ओढ लागल्यासारखं दुखायचं. यांना एकदा कसंबसं म्हटलं होतं, तर म्हणाले, “बायकांना असतंच.” सासूबाई म्हणाल्या होत्या, “वय झालं की जातं.” आणि मला आणखी कोणाला सांगता येत नव्हतं. सांगायचं म्हणजे ते शब्द तोंडातून काढायचे, त्या जागेवर हात ठेवायचा. मेले तरी मला ते जमलं नसतं… आणि खरं सांगायचं तर मरायचीच वेळ आली असती.

टीचरने परत विचारलं नाही. उठल्या, दारामागचा एप्रन काढून माझ्या मांडीवर ठेवला. माझ्याच पिनकुशनमधली एक टाचणी माझ्या हातात दिली. “बोलायचं नसेल तर नको बोलू. दुखतं तिथे लाव.” आणि चहा ठेवायला आत निघून गेल्या.

माझ्या मांडीवर मीच शिवलेलं पोट होतं. खाली, आतड्यांच्या खाली, लाल अस्तराची पिशवी, मुठीएवढी. ती शिवताना मी मान वर केली नव्हती. आता टाचणी हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. आतून कपांचा आवाज येत होता, टीचर मुद्दाम करत असाव्यात. मी टाचणी लावली. त्या बाहेर आल्या, बघितलं आणि चहा माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “साखर कमी झालीय, चालेल ना?” बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या ते यांच्या जेवायच्या वेळी. यांना म्हणाल्या, “तुमच्या रिक्षाचं इंजिन ऑइल गळायला लागलं तर किती दिवस चालवाल?”

“एक दिवस पण नाय, टीचर. इंजिन बसेल ना. लगेच गॅरेज.”

“आणि रिक्षा म्हणाली, सगळ्या रिक्षांचं गळतं, तर?”

यांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं, मग टीचरकडे. म्हणाले, “कधी न्यायचंय?”

डॉक्टरीणबाईंकडे टीचर बरोबर आल्या, पिशवीत एप्रन घेऊन. तिथेही माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी तो टेबलावर पसरला, टाचणीसकट. डॉक्टरीणबाई आधी चकित झाल्या, मग त्यांनी टाचणीवर बोट ठेवून मला एकेक प्रश्न विचारला आणि मी फक्त हो-नाही केलं. सोनोग्राफी झाली, गाठी निघाल्या. रक्त इतकं उतरलं होतं की आधी रक्त चढवलं आणि मग ऑपरेशन. पिशवी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

घरी आल्यावर मी फार रडायचे. वाटायचं, आत पोकळ झालंय, चालताना काहीतरी खुळखुळेल. टीचर भेटायला आल्या. एप्रनवरची लाल पिशवी त्यांनी टिचबटण उघडून काढली आणि म्हणाल्या, “आता बघ हं.” वरची आतडी हलकेच सोडली, ती सरकून खाली त्या जागेत जाऊन बसली. “आत जागा रिकामी राहत न्हाय गो. नवघरमध्ये कधी खोली रिकामी राहिलेली बघितलीस?” टाके ताजे होते, हसताना दुखत होतं, तरी मी हसले.

त्यानंतर गुरुवारची दुपार सुरू झाली. मी बरी झाल्याचं बिल्डिंगमधल्या बायकांना कळलं होतं, टाचणीचंही कळलं होतं. आधी ज्योत्स्नाबेन आल्या, मग त्यांनी जावेला आणलं, मग गोडदेवहून कोणी कोणी. टीचर एप्रन घालून खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि बाया टाचण्या लावायच्या. “टीचर, इधर जलता है, खाने के बाद.” “टोचा, टोचा, मला गादी लावलीय.” ‘पोटात दुखतं’ एवढंच कोणी म्हटलं तर त्यांना खपत नसे. म्हणायच्या, “हा काय पत्ता झाला? भाईंदरला राहते म्हटल्यावर पोस्टमन येईल? गोडदेव की नवघर? कुठली गल्ली? कितवा मजला?” सगळ्या हसायच्या आणि मग नीट सांगायच्या. टीचर कधीही औषध सांगत नसत. “मी डॉक्टर न्हाय. मी फक्त पत्ता लिहून देते. जायचं तुम्ही.” आणि बाया जायच्या. नाही गेल्या तर पुढच्या गुरुवारी त्यांची टाचणी तशीच ठेवलेली असायची. त्याची लाज वाटून जायच्या.

मी कोपऱ्यात बसून टाचण्यांची डबी सांभाळायचे. टीचर दर वेळी म्हणायच्या, “आज तू घाल. पोट तुझं, उभी मी राहते, हा काय न्याय?” मी डबीत तोंड घालायचे. अंगावर सगळ्यांचे डोळे, हात… मला कल्पनेनेच घाम फुटायचा. त्या सोडून द्यायच्या. पुढच्या गुरुवारी परत तेच.

गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की एप्रनच्या पट्ट्या टीचर आता मागे न बांधता पूर्ण वळसा घेऊन पुढे बांधतायत. आम्हा शिलाईवाल्यांना वजनकाटा लागत नाही. मी म्हटलं, “टीचर, बारीक झालात.” म्हणाल्या, “मासे महागलेत.” आणि मग म्हणाल्या, “आपलं एक राहिलंच की गो. स्वादुपिंड. जठराच्या मागे लपलेलं असतं, चित्रात पटकन दिसत न्हाय, म्हणून तुझ्याकडून सुटलं आणि माझ्याकडूनही.”

“कसं असतं?”

“सुका बोंबील आडवा ठेव. डोकं उजवीकडे, शेपटी डावीकडे. पुस्तकातही डोकं आणि शेपटीच म्हणतात. काम केवढं, तर खाल्लेलं पचवायचं आणि रक्तातली साखर सांभाळायची. आणि बसतं कुठे, तर सगळ्यांच्या मागे. तुझ्यासारखं.”

त्यांनी मशीनवर दोन नोटा ठेवल्या. मी म्हटलं, “एवढ्याशा कामाला दोन कशाला?”

“एक शिवायची. दुसरी घालायची. बसतंय की न्हाय ते शिवणारीनेच घालून बघायला पाहिजे.”

मी एक नोट परत करायला गेले, तर त्या चालायलाच लागल्या.

पिवळसर अस्तराचा बोंबील मी शिवला आणि नेऊन दिला. टीचर खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, दुपारचं ऊन पायांवर. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, शिवण बघितली. “छान झालं,” म्हणाल्या. मग माझ्या डबीतून एक टाचणी घेतली आणि बोंबलाच्या डोक्यात लावली. आणि माझ्याकडे बघितलं.

मला कळायला थोडा वेळ लागला… मग कळलं. दुखतं तिथे लाव.

मी काही विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नव्हतं. मी आत गेले, चहा ठेवला आणि कपांचा आवाज केला. बाहेर येऊन म्हटलं, “साखर कमी झालीय, चालेल ना?” टीचर म्हणाल्या, “चालेल गो.” आम्ही चहा प्यायलो. डॉक्टरांनी काय सांगितलं, किती दिवस, काही बोलणं झालं नाही. एकदाच म्हणाल्या, “पेशीच त्या. कधी कधी एखादी माप विसरते आणि वाढतच जाते, थांबायचं कळत न्हाय तिला. तिचा काय राग करायचा?” स्वतःच्या मरणाबद्दलही त्या मुलांना सांगावं तसं बोलल्या. निघताना तो बोंबील टाचणीसकट माझ्या हातात दिला. “घालशील तेव्हा लाव.”

त्यानंतर भाऊ त्यांना उत्तनला घेऊन गेले. मी दोनदा जाऊन आले. शेवटच्या वेळी टीचरला बोलायची ताकद नव्हती. मी पलंगाशी बसले, तर त्यांनी माझा हात धरून पापणी बघायची खूण केली. मी माझी पापणी खाली ओढून दाखवली. लाल होती. त्यांनी मान हलवली, बरोबर उत्तर आल्यावर मुलांसमोर हलवायच्या तशी.

टीचर गेल्याला महिना झाला त्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली त्या दिवशी बाहेर शेरल म्हणाली, “मंदाताई, बायका गुरुवारचं विचारतायत. मी काय सांगू?” शेरल आता टीचरच्या घरातच राहते. मी तशीच घरी आले, बॉबिनच्या डब्यातून बोंबील काढला.

गुरुवारी गेले. एप्रन दारामागे त्याच खुंटीला होता. पट्ट्यांवर टीचरच्या गाठीची सुरकुती होती, शेवटी शेवटी पुढे बांधायच्या ती. बाया जमल्या होत्या, पण कोणी मधे उभं राहिलं नव्हतं. ती मधली जागा बघवत नव्हती. मी एप्रन मांडीवर घेतला, जठर वर उचललं, त्याच्या मागे बोंबील आडवा ठेवला, डोकं उजवीकडे, शेपटी डावीकडे, आणि सुईने शिवून टाकला. याला टिचबटण नाही लावलं. टीचरची टाचणी काढून डबीत टाकली. आता ती बाकीच्या टाचण्यांत ओळखू येत नाही.

मग मी उभी राहिले आणि एप्रन डोक्यातून घातला. ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, “अरे मंदाबेन, तू?” माझे कान तापले. पट्ट्या मागे बांधल्या, मूत्रपिंडं पाठीवर नीट बसवली. पेणकरपाड्याहून आलेली एक नवी सून टाचणी घेऊन माझ्यासमोर आली आणि खाली मान घालून उभी राहिली. ती माझ्याहून लाजरी निघाली. तेव्हा माझ्या तोंडून आवाज आला, बारीक, पण आला. म्हटलं, “टोच बिनधास्त. गादी लावलीय.”

तिने टाचणी लावली.

आमच्या धंद्यात आगाऊ घेतलेले पैसे काम अंगावर चढेपर्यंत उधारीच असतात. शिवायची एक नोट, घालायची एक. त्या दुपारी टीचरचे पैसे फिटले. सगळे फिटले.